डॉक्टर मोघ्यांचे बेडूक

डॉक्टर मोघे खेळण्यांना स्टेथोस्कोप लावीत. त्यांच्या बेसमेंटमध्ये मी प्रथम गेलो तेव्हा ते एका पत्र्याच्या कोंबडीच्या पोटाला नळी लावून, डोळे मिटून बसले होते. मला त्यांनी हातानेच थांबण्याची खूण केली. कोंबडी टेबलावर नसलेले दाणे टिपत होती. ती थांबली तेव्हा त्यांनी कानांतून नळ्या काढल्या आणि म्हणाले, "स्प्रिंग घोरते आहे. तेल हवंय हिला. तुम्ही हात धुतलेत का?"

मी धुतले नव्हते. वर गेलो, धुतले, परत आलो. आमची ओळख ती अशी झाली.

अमेरिकेतल्या नोव्हाय गावात आमची घरे एकाच रस्त्यावर होती. मी जन्मभर मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात डाय बनवले. डाय म्हणजे पोलादी साचा. त्यात पत्रा दाबला की त्याला आकार येतो. डॉक्टर भूलतज्ज्ञ होते. मी सोलापूरचा, ते सांगलीकडचे. दोघेही निवृत्त झालो होतो. त्यांची पत्नी वारली होती, मुलगा सिॲटलला होता, आणि मोठ्या घरात ते आणि चिनी खेळणी एवढेच राहत होते.

खेळणी चिनीच का, असे मी त्यांना विचारले होते. जर्मन खेळण्यांमागे श्रीमंत लोक असतात, जपानी खेळण्यांमागे शहाणे लोक असतात, चिनी खेळण्यांमागे कुणीच नसते, असे ते म्हणाले. जुन्या घरांतील सामान विक्रीला निघे तेथे ते जात आणि खोक्यांच्या तळाशी हात घालीत. उड्या मारणारा बेडूक, ढोल वाजवणारे अस्वल, ठिणग्या टाकणारे रॉकेट. चिनी भाषेतील दोनच अक्षरे त्यांना वाचता येत, शांघायची. तेथील गल्लीबोळांतले लहान लहान कारखाने पन्नासच्या दशकात एकत्र करून सरकारी कारखाने कसे झाले, परकीय चलनासाठी ही खेळणी जहाजे भरभरून बाहेर कशी गेली, पुढे प्लॅस्टिकने त्यांचा बाजार कसा मोडला, हे सर्व ते संथपणे सांगत. खेळण्याच्या अंगावरील शिक्क्याकडे बोट दाखवीत. स्प्रिंगच्या खेळण्याच्या आकड्याआधी एम एस, ढकलून सोडायच्या मोटारीवर एम एफ, बॅटरीच्या खेळण्यावर एम ई. हे शिक्के ते रुग्णाच्या मनगटावरील पट्टी वाचावी तसे वाचीत.

या खेळण्यांची छपाई आधी सपाट पत्र्यावर होते, मग तो पत्रा डायमध्ये दाबतात. दाबताना पत्रा ताणला जातो. म्हणून बेडकाचा चेहरा सपाट पत्र्यावर मुद्दाम वेडावाकडा छापावा लागतो. फुगीर आकार आला की तो नीट दिसतो. ही गोष्ट मला धंद्यामुळे ठाऊक होती. मी ती सांगितली तेव्हा डॉक्टर बराच वेळ बेडूक हातात धरून बसले. त्यानंतर ते वाक्य त्यांचेच झाले. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणाची मुलगी फार हट्टी आहे अशी तक्रार आली की ते म्हणत, "आधी वाकडंच छापावं लागतं. दाब पडू दे, दिसेल नीट."

त्यांचे दुसरे एक वाक्य होते. चावी पूर्ण द्यायची नाही. मी एकदा एका गाडीची चावी शेवटपर्यंत फिरवली, तर त्यांनी माझे मनगट धरले. "स्प्रिंग तुटली तर आधी सांगत नाही, जोगळेकर. पूर्ण चावी दिली की आनंद संपतो आणि भीती सुरू होते."

भीती हा त्यांचा स्वभाव होता, आणि त्या स्वभावावर त्यांनी चाळीस वर्षे नोकरी केली. ते म्हणत की भूल देणे कुणालाही जमते. माणूस उठेपर्यंत त्याच्या उशाशी घाबरत उभे राहणे हे खरे काम. त्यांच्या हातून कुणी न उठता गेला होता का, हे मी विचारले नाही. त्यांनी सांगितले नाही.

जुन्या रंगात शिसे असते. ते लहान मुलाच्या रक्तात गेले तर मेंदूला पोचते आणि झालेले नुकसान भरून येत नाही, हे डॉक्टर प्रत्येक पाहुण्याला पायरीवरच सांगत. बेसमेंटच्या दाराला कडी उंचावर होती. लहान मुलांना आत प्रवेश नव्हता. त्यांच्या स्वतःच्या नातवालाही नव्हता. तो आठ वर्षांचा मुलगा सुट्टीत आला की वरच्या पायरीवर बसून खाली बघे.

पुढे केव्हातरी शांघायचे जुने डाय बाहेर काढून पुन्हा तेच बेडूक बनवले गेले, आठवण म्हणून विकण्यासाठी. डॉक्टरांनी नवे बेडूकही मागवले. त्यांचा रंग तपासलेला होता, खोक्यावर तसे लिहिलेले होते. मी भिंग लावून दोन्ही पाहिले. जुन्या आणि नव्या बेडकाच्या जबड्याखाली एकच बारीक ओरखडा होता. डायला पडलेली जखम प्रत्येक तुकड्यावर उमटते. म्हणजे डाय एकच. डॉक्टर त्या दिवशी फार खूश झाले आणि त्यांनी मला चहाबरोबर दोन चकल्या दिल्या. एरवी एक देत. "सख्खे भाऊ आहेत म्हणा की," ते म्हणाले. "एक विषारी, एक सज्जन. दोघांचा चेहरा एक."

समोरच्या घरात अदिती आणि तिचा नवरा राहायला आले. दोघे पुण्याचे, व्हिसावर नोकरी करणारे. मुलगी ईरा येथेच जन्मली. आजी-आजोबांचे येणे व्हिसाच्या मुलाखतीत अडकले होते. ईराचे पहिले बोरन्हाण आले तेव्हा अदितीने डॉक्टरांना आजोबांच्या जागी बोलावले. बोरन्हाणात लहान मुलाला काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात आणि डोक्यावरून चुरमुरे, बोरे, उसाचे तुकडे, शेंगा, गोळ्या ओततात. डॉक्टर आदल्या दिवशीच तिच्या स्वयंपाकघरात जाऊन ताट बघून आले. भूलतज्ज्ञाला प्रत्येक गोष्टीत आधी घसा दिसतो. शेंगा काढा, गोळ्या काढा, उसाचे तुकडे काढा, असे त्यांनी सांगितले. बोरे मिळालीच नव्हती. अदितीने द्राक्षे आणली होती, तीही त्यांनी काढायला लावली.

"काका, मग टाकायचं काय? फक्त चुरमुरे? फोटोत काही दिसणारच नाही."

"तोंडात मावणार नाही एवढं मोठं काहीतरी हवं," डॉक्टर म्हणाले. "मी आणतो. डोक्यावरून ओतायचे नाहीत. पाटाभोवती मांडायचे."

ते नवे बेडूक आणणार होते. खोक्यातून काढून थेट मुलासमोर ठेवणे त्यांना पटेना, म्हणून सकाळी त्यांनी ते साबणाने धुतले आणि टॉवेलवर वाळत घातले. शेजारच्या टॉवेलवर जुने बेडूक होते. थंडीत पत्रा आकसतो म्हणून दर संक्रांतीला ते त्यांना बाहेर काढून तेल देत. मग समारंभासाठी कपडे बदलायला ते वर गेले. पुन्हा खाली आले, हात धुतले, आणि एक टॉवेल उचलला.

बोरन्हाण चांगले झाले. ईरा पाटावर बसून चुरमुरे उधळीत होती. मंडळाची मुले जमिनीवर लोळत होती. डॉक्टरांनी एका बेडकाला अर्धी चावी दिली आणि तो तिच्या पायाशी उड्या मारीत गेला. तिने तो पकडला, तोंडाशी नेला आणि त्याच्या नाकाला चावली. तिला नुकते दात येत होते. सर्वजण हसले. डॉक्टरही हसले. जाताना त्यांनी बाकीचे बेडूक मोजून घरी नेले. हा एक मात्र ती सोडेना. "राहू दे तिला," ते म्हणाले. कुणाच्या मुलाला स्वतःच्या संग्रहातली वस्तू देताना मी त्यांना त्याआधी पाहिले नव्हते.

फेब्रुवारी संपत आला होता. दुपारी त्यांचा फोन आला. "जोगळेकर, भिंग घेऊन या." आवाज हळू होता. मी बर्फातून गेलो. काचेच्या कपाटासमोर ते उभे होते, स्टेथोस्कोप गळ्यात. त्यांनी कपाटातील जुन्या बेडकांच्या रांगेतला एक मला दिला.

"याची स्प्रिंग घोरत नाही," ते म्हणाले.

मी भिंग लावले. जबड्याखाली ओरखडा होता, पण तो दोघांवरही असणार. मी बेडूक उलटा केला. जोड बसवण्यासाठी पत्र्याच्या ज्या जिभा वाकवतात त्यांच्या कापलेल्या कडा चकचकीत होत्या. जुना पत्रा तेथे काळवंडतो. मी रांगेतला दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. तेही नवेच होते. खोक्यांतून सज्जन म्हणून ठेवलेले बेडूक त्यांनी तोवर स्वतःच ऐकले होते. ते घोरत होते.

डॉक्टरांनी कोट घातला नाही. तसेच रस्ता ओलांडून गेले. मी त्यांचा कोट घेऊन मागून गेलो. अदिती घरूनच काम करीत होती. कानाला हेडफोन होता, ऑफिसचा कॉल चालू होता. ईरा गालिच्यावर बसली होती. बेडूक तिच्या हातात होता. त्याच्या नाकावरचा हिरवा रंग गेलेला होता आणि खाली पांढरा पत्रा दिसत होता.

डॉक्टरांनी गुडघे टेकले आणि तो तिच्या हातून काढून घेतला. ती रडू लागली. मग ते उभे राहून अदितीला म्हणाले, "हा बेडूक जुना आहे. यात शिसं असणार. मी चुकीचा टॉवेल उचलला. आजच्या आज हिचं रक्त तपासा. तपासणाऱ्याला शिसं हा शब्द सांगा."

अदितीने हेडफोन काढला. ती ओरडली नाही. "काका, तुम्ही आमच्याकडे आलात की चहाच्या आधी हात धुता," ती म्हणाली. "चहाच्या नंतर धुता." पुढचे वाक्य तिने सुरू केले आणि सोडून दिले. मग मुलीला उचलून गाडीकडे गेली.

बोटाला टोचून घेतलेल्या रक्ताचा आकडा जास्त आला. अशा वेळी शिरेतून रक्त घेऊन पुन्हा तपासावे लागते. बोटावरची धूळही आकडा वाढवू शकते. त्या दुसऱ्या आकड्याची वाट पाहण्याचे दिवस मी डॉक्टरांच्या बेसमेंटमध्ये काढले. त्यांनी काही खाल्ले का, हे पाहायला कुणी नव्हते म्हणून मी जात होतो. दिवा लावलेला नसे. वरच्या लहान खिडकीतून बर्फाचा उजेड येई. त्यात सर्व खेळण्यांचे रंगवलेले डोळे आमच्याकडे रोखलेले असत. मला खेळण्यांची भीती वाटावी असे माझे वय नव्हते. तरी मी खुर्ची वळवून बसलो.

"अजून आशा आहे, दुसरा आकडा कमी येऊ शकतो," मी म्हणालो.

"येईल किंवा येणार नाही," ते म्हणाले. "पण कमी म्हणजे शून्य नव्हे. मी भूल दिली की पेशंट उठेपर्यंत उभा राहायचो. ही पोर कधी उठली हे मला कसं कळणार? दुसरीत गणित चुकलं, तर ते माझ्यामुळे का? दहावीत?"

मी चहा केला.

दुसरा आकडा पहिल्याहून कमी आला. औषध देण्याइतका तो नव्हता, सोडून देण्याइतकाही नव्हता. आरोग्य खात्याची नर्स येऊन घर पाहून गेली. भिंती, नळ, खिडक्या सर्व ठीक निघाले. कारण बेडूकच होता. तो दूर झाला आहे, मुलीला लोह आणि कॅल्शियम असलेले जेवण द्या, काही महिन्यांनी पुन्हा तपासा, असे सांगून ती गेली. उन्हाळ्यात पुन्हा तपासले तेव्हा आकडा उतरला होता. अदितीने ते मला रस्त्यात सांगितले. डॉक्टरांना सांगा, असे ती म्हणाली नाही. पण सांगताना ती त्यांच्या खिडकीकडे बघत होती.

मी सांगितले. त्यांनी मान हलवली आणि विचारले, "आज काय बोलली?"

हा प्रश्न ते मला रोज विचारू लागले होते. समोरच्या घरी ते स्वतः जात नसत. मी टपाल आणायला गेलो की ईरा अंगणात असे, आणि तिने जे काही उच्चारले असेल ते मी त्यांना पोचवायचे, असा नियम झाला होता. मी एकदा सांगितले की काऊ म्हणाली.

"कावळा की गाय?"

"ते मी कसं सांगू?"

"कशाकडे बघून म्हणाली? मराठीत म्हणाली की इंग्रजीत?"

"डॉक्टर, आपल्या रस्त्यावर गाय नाही."

"मग कावळा," ते म्हणाले, आणि त्यांचे खांदे किंचित खाली आले. "बरोबर आहे. मग बरोबर म्हणाली."

या काळात त्यांनी एकाही खेळण्याला चावी दिली नाही. स्टेथोस्कोप खुंटीवर होता.

पुढच्या संक्रांतीला अदिती ईराला घेऊन त्यांच्या दारात आली. मी तेथे होतो. डॉक्टरांनी बाहेरचे काचेचे दार अर्धेच उघडले. त्या दोघींना आत बोलवावे हे त्यांना सुचले नाही, की धीर झाला नाही, मी सांगू शकत नाही. अदितीने मुलीच्या हातात तिळगूळ दिला. "बोल आजोबांना," ती म्हणाली. ईराने तिळगूळ पुढे केला आणि आईने शिकवलेले गोड बोलण्याचे वाक्य आपल्या परीने म्हटले. डॉक्टर कमरेत वाकून ऐकत होते. ते रुग्णाच्या छातीशी असेच वाकत असतील. तिळगूळ त्यांनी घेतला. तिच्या डोक्यावर ठेवायला उचललेला हात मध्येच थांबला आणि दाराच्या मुठीवर गेला.

"काका," अदिती म्हणाली, "तिचा रिपोर्ट आता ओके आहे. मी अजून घाबरते. पण तुम्ही तिला असे लांबून बघता ना, त्याची मला जास्त भीती वाटते."

त्या दोघी गेल्यावर ते मला म्हणाले, "गोड मधला ड आला नाही."

"दोन वर्षांची आहे."

"मला माहीत आहे. तरी."

त्या आठवड्यात त्यांनी सर्व जुने बेडूक एका डब्यात घालून माझ्या गॅरेजमध्ये आणले. माझ्याकडे हाताने चालवायचा लहान प्रेस आहे. ते सपाट करा, असे त्यांनी सांगितले. विकले तर कुणाच्या घरी जातील, तेथे मूल असेल. कचऱ्यात टाकले तर कुणीतरी उचलेल. आम्ही दोघांनी मास्क आणि हातमोजे घातले, जमिनीवर ओले कापड अंथरले. मी जिभा उलगडून स्प्रिंगा काढल्या आणि एकेक कवच दाबले. ते कडा धरीत होते. काम नीट झाले.

शेवटी नाकाचा रंग गेलेला बेडूक उरला. मी तोही दाबला आणि प्रेसचा दांडा वर घेतला. पत्रा सपाट झाला होता आणि चेहरा पुन्हा वेडावाकडा झाला होता. एक डोळा कपाळापर्यंत ताणलेला, तोंड एका बाजूला गेलेले, आणि मध्ये, जेथे दात लागले होते तेथे, काहीच नव्हते. डॉक्टरांनी तो पत्रा बराच वेळ पाहिला. एवढी वर्षे त्यांना मूळ छपाई पाहायची होती, आणि ती कुठल्याच विक्रीत मिळाली नव्हती.

"असा होता तर," ते म्हणाले. मग हातमोजे काढून माझ्या सिंकपाशी गेले आणि हात धुऊ लागले. पाणी फार वेळ वाहत होते. शेवटी मी नळ बंद केला.

सपाट पत्रे धोकादायक कचरा गोळा करतात तेथे आम्ही नेऊन दिले. एक माझ्याकडे राहिला आहे, बंद पिशवीत, कुलपात. डॉक्टर त्या वर्षीच्या हिवाळ्याआधी हृदयविकाराने गेले. बाकीची खेळणी मुलाने एका संग्रहालयाला दिली. तेथे ती काचेआड आहेत आणि त्यांना कुणी चावी देत नाही. रुग्णालयात मी डॉक्टरांना शेवटचा भेटलो तेव्हा त्यांच्या नाकाला नळी होती. त्यांनी बोटाने मला जवळ बोलावले. मला वाटले, मुलाला काही निरोप असेल. ते म्हणाले, "आज काय बोलली?"

मी त्या दिवशी ईराला पाहिलेच नव्हते. मी म्हणालो, "पुष्कळ बोलली."

ईरा आता शाळेत जाते. सकाळी बसची वाट पाहत ती आमच्या टपालपेटीपाशी उभी राहते, आणि मला टपाल नसले तरी मी त्या वेळी बाहेर जातो. ती बोलते, मी ऐकतो. शब्द आला की नाही, अडला की काय, उलटा पडला की काय. हे काम मला कुणी दिलेले नाही. परवा ती एका गोष्टीतील हत्तीविषयी सांगत होती, आणि सांगता सांगता थांबली. मी श्वास रोखला.

"आजोबा," ती म्हणाली, "तुम्ही माझ्या फेसकडे नाही बघत. तुम्ही ऑलवेज माझ्या तोंडाकडे बघता. व्हाय?"

बस आली. ती चढली.

दोन्ही वाक्ये पूर्ण होती. प्रश्नही बरोबर होता. मी घरी येऊन हात धुतले.